शर्यतीच्या आठवड्यात बाहा

नमस्कार मंडळी. ‘बाहा कॅलिफोर्नियाला जायचंच आहे, तर नोव्हेंबरमध्ये जाऊ, बाहा 1000 ही ट्रक-मोटरसायकलींची कच्च्या वाटांवरची शर्यतही बघून होईल,’ असा बेत पुष्कळ जण करतात. बेत चांगला आहे. पण शर्यत कुठून सुटते आणि कुठे संपते ते बघून लोक मुक्काम ठरवतात, तिथेच गाडी अडते. मी सांगेन, आधी रस्ता बघा आणि शर्यत मग त्यात बसवा.

मेक्सिकोचं हे द्वीपकल्प नकाशावर लांबट, चिंचोळं दिसतं. अमेरिकेच्या सीमेवरच्या तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंत महामार्ग क्रमांक 1 जातो, सुमारे 1,700 किलोमीटर. उत्तरेच्या अर्ध्या भागात सान फेलिपेवरून येणारा दुसरा डांबरी रस्ता आहे, पण तोही लागूना चापालाजवळ याच महामार्गाला मिळतो. तिथून खाली दुसरा पर्याय नाही. हा रस्ता पूर्ण झाला 1973 मध्ये. त्याआधी दक्षिणेच्या ला पाझला गाडीने पोहोचणं हाच पराक्रम होता, आणि शर्यतीचा जन्म त्यातूनच झाला. 1962 मध्ये डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन होंडाच्या मोटरसायकलींवर तिहुआनाहून ला पाझला गेले. निघताना आणि पोहोचल्यावर त्यांनी तार ऑफिसातून तारा केल्या. वेळेचा पुरावा तोच. एकिन्सला चाळीस तासांच्या आसपास लागले. पाच वर्षांनी, 1967 मध्ये, पहिली रीतसर शर्यत झाली. विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती मेयर्स मँक्स बग्गीत (वाळूत चालणाऱ्या हलक्या, उघड्या मोटारीत) 27 तास 38 मिनिटांत जिंकली.

आता शर्यत डोंगरात, वाळूत, कोरड्या नाल्यांत चालते आणि तुम्ही डांबरी रस्त्यावर असता. मग तिचा तुम्हाला त्रास काय? त्रास शर्यतीच्या गाडीचा नसतो, तिच्या मदतनीस गाड्यांचा असतो. शर्यतीच्या एका ट्रकमागे सुटे भाग, टायर, इंधन आणि माणसं भरलेल्या अनेक गाड्या धावतात. ट्रक डोंगरातून पुढच्या थांब्यावर पोहोचायच्या आत यांना महामार्गाने तिथे पोहोचायचं असतं. चालक रात्रभर जागे, डोळ्यांवर झोप, आणि घाई तर विचारू नका. रस्ता दुपदरी, बऱ्याच जागी अरुंद, साइडपट्टी नाही. अंधार पडला की डांबराच्या उबेला गाई येऊन उभ्या राहतात. त्यामुळे बाहात रात्री गाडी चालवू नये हा नियम एरवीही आहेच. शर्यतीच्या दोन रात्री तर तो मोडूच नका.

हा नियम पाळायचा म्हणजे दिवसाचं गणित करावं लागतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजेड जेमतेम साडेदहा तास असतो आणि उत्तरेकडच्या एन्सेनाडाला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शिवाय 28व्या अक्षांशावर, ग्वेरेरो नेग्रोच्या दाराशी, राज्य बदलतं आणि घड्याळ एक तास पुढे जातं. दक्षिणेकडे जाताना हा तास हातचा जातो, येताना परत मिळतो. हॉटेलवाल्याला ‘सहापर्यंत पोहोचतो’ म्हणून कळवताना कोणाचे सहा ते सांगा.

आता पेट्रोल. एल रोसारियोहून निघालात की ग्वेरेरो नेग्रोपर्यंत साधारण 360 किलोमीटर आहेत. त्याच्या थोडं अलीकडे विला हेसूस मारियाला पंप आहे, म्हणजे मधली सलग तीनशेहून जास्त किलोमीटर भरवशाचा पंप नाही. काताविन्याला रस्त्याकडेला पिंपातून पेट्रोल विकतात. ते अडीअडचणीला ठीक, पण त्याच्या भरवशावर टप्पा आखू नका. विशेषतः मोठमोठ्या टाक्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने आधी जाऊन आलेल्या असतील तेव्हा. एल रोसारियोला टाकी अर्धी असली तरी रांगेत उभं राहायचं आणि काठोकाठ भरायची.

ओव्हरटेक करताना एक गोष्ट सांभाळा. पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर देतो तो बहुधा ‘रस्ता मोकळा आहे, या पुढे’ म्हणून. पण त्याला खरोखर डावीकडे वळायचं असलं तरी तो तोच इंडिकेटर देणार! त्यामुळे पुढे डावीकडे फाटा, घर किंवा पंप आहे का, ते आधी बघायचं.

आता बेताचा मुख्य भाग. शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. बहुतेक वर्षी ती एन्सेनाडाहून सुटून एन्सेनाडालाच परत येते. काही वर्षी टोकापासून टोकापर्यंत जाते: 2017 मध्ये, पन्नासाव्या वेळी, एन्सेनाडाहून ला पाझला गेली आणि 2023 मध्ये उलटी, ला पाझहून एन्सेनाडाला आली. तुमचं वर्ष यातलं कुठलं, यावर सगळं अवलंबून आहे.

एन्सेनाडालाच परत येणाऱ्या फेरीचं वर्ष असेल तर गर्दी उत्तरेच्या अर्ध्या भागात राहते. एन्सेनाडाला आधीच दोन दिवस पोहोचा. गाड्यांची तपासणी भर रस्त्यात होते, ट्रक अगदी हाताच्या अंतरावर उभे असतात. खरं सांगू, मला तर शर्यतीपेक्षा हा दिवस जास्त आवडतो. शर्यत सुटताना बघा, त्या दिवशी गावातच राहा आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दक्षिणेला निघा.

एन्सेनाडा ते ला पाझ असं वर्ष असेल तर मात्र शर्यतीच्या मागे पळू नका. दोन दिवस आधी दक्षिणेला जा, मार्ग जिथून जाणार त्या गावी, समजा सान इग्नासिओच्या आसपास, मुक्काम टाका आणि शर्यत तुमच्याकडे येऊ द्या. ती निघून गेली की दोन दिवसांनी पुढे सरका. तोवर पथकं थकूनभागून उत्तरेला परतायला लागलेली असतात आणि तुम्ही त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेला असता. मुक्कामाच्या खोल्या मात्र काही महिने आधी धरा, कारण पथकं गावंच्या गावं आरक्षित करतात.

बघायला कुठे उभं राहायचं? वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीच नाही, कारण गाडी सुटली तर तिकडेच येते. आतल्या बाजूला, उंचावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, नाहीतर धुळीखेरीज काही दिसणार नाही. मोटरसायकली आधी सुटतात, ट्रक काही तासांनी. हेलिकॉप्टर ऐकू आलं की पहिला ट्रक जवळ आला म्हणून समजा. मजा म्हणून काही लोक वाटेत खड्डा खणतात किंवा उंचवटा रचतात आणि गाडी उडताना बघायला जमतात. त्यामुळे माळरानात विनाकारण घोळका दिसला की मुरलेले चालक वेग कमी करतात. अशा घोळक्यात तुम्ही नसावं हे उत्तम. शर्यतीचा मार्ग बंदिस्त नसतो, हेही ध्यानात ठेवा. आधीच्या आठवड्यांत त्याच कच्च्या वाटांवर सराव चालू असतो, तेव्हा ‘जरा आत जाऊन येऊ’ म्हणून गाडी वळवू नका. आंधळ्या वळणावर समोरून कोण येईल, सांगता येत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतला विमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला दायित्व विमा घ्यावाच लागतो. अपघातानंतर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडवून ठेवू शकतात, म्हणून त्यात वकिलाची मदत असू द्या. कच्च्या रस्त्यावर तो लागू आहे का, हे लेखी विचारा. भाड्याची गाडी असेल तर सीमेपलीकडे नेण्याची परवानगीही लेखी घ्या. पर्यटक परवान्यासाठी सीमेवर स्वतःहून थांबावं लागतं, तुम्हाला कोणी हटकेलच असं नाही. गाडीचा आयात परवाना द्वीपकल्पात लागत नाही; ला पाझहून बोटीने मुख्य भूमीवर जाणार असाल तर लागतो. वाटेत लष्कराचे तपासणी नाके आहेत. काच खाली, चष्मा काढलेला, कुठून आलो आणि कुठे चाललो याचं साधं उत्तर, एवढं पुरतं.

‘जोडीला देवमासेही बघून होतील का?’ असं मघाशी एकांनी विचारलं. नाही. करडे देवमासे खाऱ्या सरोवरांत येऊ लागतात ते डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि खरा हंगाम जानेवारी ते मार्च. देवमासे हवे असतील तर शर्यत सोडा. दोन्हींच्या मध्ये महिनाभर थांबण्याइतकी रजा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि परतीची वेळ. शर्यत सहसा आठवड्याच्या शेवटी असते आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार मेक्सिकोत क्रांतिदिनाच्या सुटीचा, म्हणजे रविवार-सोमवार तिहुआनाच्या नाक्यावर मोठी रांग. त्यापेक्षा मंगळवारी निघा, किंवा तिहुआनाच्या पूर्वेच्या टेकाटेच्या नाक्याने या. फक्त टेकाटेचा नाका रात्री अकराला बंद होतो, त्याआधी पोहोचा.