युक्रेनला घरं बांधायला जाताय? आधी थोडं ऐका

विसा-तिकिटाचं पटकन उरकतो. रशियाने हल्ला केला तेव्हापासून, म्हणजे 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणजे पोलंडमधल्या प्शेमिशलपर्यंत जायचं आणि पुढे ट्रेन. इन्शुरन्सचे कागद मात्र नीट वाचा, साध्या पॉलिसीत युद्धात झालेली इजा बहुतेक वेळा धरतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. युद्धात पडलेली घरं बांधायला जातोय असं आपण म्हणतो खरं, पण मी गेलो तेव्हा पहिले कितीतरी दिवस गवंड्याच्या करणीला हातही लागला नाही, नुसता राडारोडा उपसत होतो. तिकडे 'तोलोका' म्हणतात, सगळ्यांनी जमून एकाचं काम उरकून द्यायचं, अगदी आपल्या इर्जिकीसारखं. 2022 च्या एप्रिलच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या चेर्निहीव भागातून रशियन फौजा मागे हटल्या आणि त्यानंतर गावागावात तरुण पोरंपोरी असंच जमून घरं साफ करायला लागली. पडलेल्या भिंतीतली एकेक वीट उचलायची, हातोडीने ठोकत जुना चुना-सिमेंट काढायचा, अख्खी निघाली तर चट्ट्यात लावायची, कारण त्याच विटा परत त्याच घराला लागतात. दुपारपर्यंत मनगट भरून येतं. म्हणून निघायच्या आधी महिनाभर तरी एखाद्या गवंड्याच्या हाताखाली राबा, ओळंबा कसा धरतात, घमेलं कसं उचलायचं म्हणजे कंबर धरत नाही, हे तिथे जाऊन शिकायला वेळ नसतो.

छपरावर बऱ्याच ठिकाणी 'शिफर' असतं, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक. फुटलेला पत्रा कोरडा ओढायचा नाही, ग्राइंडर तर अजिबात लावायचा नाही, आधी पाणी मारायचं आणि साधा कापडी मास्क नको, बारीक धूळ अडवणारा एफएफपी3 च हवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर परत घ्या, खिळे सगळीकडे असतात.

हवाई हल्ल्याचा सायरन झाला की निवारा गाठायचा, नाहीच जमलं तर बाहेर आणि आपल्यात निदान दोन भिंती हव्यात, खिडकीपाशी थांबायचं नाही.

आणि सुरुंग. 'लेपेस्तोक' नावाचा एक असतो, तळहाताएवढा, हिरवा नाहीतर तपकिरी प्लास्टिकचा, गवतात पानासारखाच दिसतो, हे मी परत परत सांगतो कारण मला खरंच भीती वाटते. ज्या अंगणाची तपासणी झाल्याचं तुमच्या टीमने सांगितलेलं नाही तिथे पाय टाकू नका, शौचाला जायचं असलं तरी. दोन शब्द आत्ताच पाठ करा, 'ओबेरेझ्नो' म्हणजे जपून आणि 'स्तीय' म्हणजे थांब. काही संशयास्पद दिसलं किंवा 'स्तीय' ऐकू आलं की कशालाही हात न लावता जागच्या जागी थांबायचं, इतरांना ओरडून सांगायचं, आलो त्याच पावलांवर पाय ठेवत मागे यायचं आणि 101 ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन सेवेला, फोन करायचा.