स्वर कोणता?

(दृश्य: पुठ्ठ्याचा लांबलचक खोका. कात्रीने चिकटपट्टी कापली जाते.)

हा खोका माझ्या घरी आला त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धा तास लवकर निघालो होतो. आत थर्माकोल, त्याच्या आत फुग्यांचं प्लॅस्टिक, आणि त्याच्याही आत तंबोरा. मी राहतो कोल्हापुरात. तंबोऱ्यांचं गाव मिरज इथून ५० किलोमीटर. सकाळच्या पॅसेंजरने जाऊन जेवायला घरी परत येता येतं. तरी मी तंबोरा मागवला तो मोबाइलवर, रात्री अकरा वाजता, अंथरुणात पडल्यापडल्या.

चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला लागलो. दोन वर्षं फोनमधल्या तंबोऱ्यावर काढली. मग बाई म्हणाल्या, "आता खरा तंबोरा घ्या. लावता लावताच कान तयार होतो." लगेच शोध सुरू. फोटो झकास, किंमत गावातल्यापेक्षा कमी, आणि पसंत नाही पडलं तर परत. आणखी काय पाहिजे?

(दृश्य: खुंटी पिळणारा हात. तार सैल पडून फडफडते.)

माझा स्वर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा 'सा'. तारा तिथवर उतरवल्या की लोंबायला लागायच्या, आणि नादाऐवजी पत्र्यावर पाऊस पडावा तशी फडफड. तीन संध्याकाळी गेल्या. परत करायला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं : तार चढवून वाजवलेलं वाद्य वापरलेलं धरतात, परत घेत नाहीत. तार न चढवता वाद्य कळावं कसं, हे विचारायचं होतं. पण तोवर फोनवर गाणं लागलं होतं.

शेवटी गवसणी चढवली आणि आमच्या पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. दर्शनी काचेत गिटारी आणि कीबोर्ड. पेट्या मागच्या फळीवर. जमिनीवर उघडे डगे, तबल्याच्या चामडी वाद्या, लाकडी गट्टे. तंबोरे दोनच, कोपऱ्यात भिंतीला टेकलेले. या दुकानावरून मी दहा वर्षं रोज जातोय. आत पहिल्यांदाच.

मालकांनी गवसणी काढलीही नाही. वरूनच दांडीवर हात फिरवला आणि विचारलं, "स्वर कोणता तुमचा?"

"काळी एक."

"मग हा कुठनं घेतलासा? हा बायकांचा हाय की ओ."

(दृश्य: दोन तंबोरे शेजारी शेजारी उभे. एक वीतभर उंच.)

गाणाऱ्या बाईचा स्वर बहुधा पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार असा वरचा. तिचा तंबोरा लहान, तारा आखूड. पुरुषाचा स्वर खालचा, म्हणून त्याची दांडी लांब, भोपळा मोठा, तारा जाड. आखूड तंबोरा खालच्या स्वराला उतरवला तर तारेत ताणच उरत नाही. माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, 'पूर्ण आकाराचा, व्यावसायिक दर्जाचा'. स्वर कुणी विचारला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तो विचारायला हवा, हे मलाही ठाऊक नव्हतं.

मालक म्हणाले, "बसा. जवारी तरी बघतो."

(दृश्य: जवळून. घोडी, तिच्यावरून गेलेल्या चार तारा, तारेखाली पांढरा दोरा.)

इथे थोडं थांबू या, कारण या चार बोटांच्या जागेत सगळं आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी तबली, म्हणजे लाकडी झाकण असतं, तिच्यावर ही तारा पेलणारी घोडी बसते. वरून पाहिलं तर सपाट. नीट पाहिलं तर तिला पुढे अगदी हलका उतार आहे. तार या उतारावर टेकून थरथरते, म्हणजे सुटी असूनही घोडीला सतत चाटत राहते. त्या चाटण्यातूनच एका षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या पोटातून गंधार, म्हणजे 'ग' ऐकू येतो. उतार केसभर जास्त झाला तर आवाज कोरडा. केसभर कमी झाला तर खरखरीत. हा उतार राखणं म्हणजे जवारी काढणं. आणि तारेखाली सरकवलेला तो सुती दोरा म्हणजे शेवटची केसभर दुरुस्ती.

मालकांनी तार बाजूला केली. कानशीचे दोन हात, मग काचकागद, मग बोटाने धूळ पुसली. तार परत जागेवर. छेडली. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा तार बाजूला. मी मोजत होतो : जोडीच्या, म्हणजे 'सा'च्या मधल्या दोन तारांपैकी एकीला अकरा वेळा. मध्येच एक मुलगा गिटारची तार घ्यायला आला, तर त्याला हातानेच थांबवलं. पाऊण तासाने माझ्या तंबोऱ्यातून पहिल्यांदा गंधार बोलला. माझ्या स्वरात नव्हे, पांढरी पाचमध्ये. वाद्य वाईट नव्हतंच. ते चुकीच्या घरी आलं होतं.

(दृश्य: मिरज. गल्लीत उन्हात ओळीने ठेवलेले भोपळे.)

मालक ही कला शिकले मिरजेत, सतारमेकर गल्लीत. या गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात संस्थानांचे दिवस फिरले, तलवारींचं काम आटलं, आणि धार लावणारे हात तारांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव या सुरुवातीशी घेतलं जातं. पुढे धंदाच आडनाव झाला. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथेच बिऱ्हाड केलं. १९३७ मध्ये ते गेले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही उरुसात गवई तिथे हजेरी लावून गातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळे येतात भीमेच्या काठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. चवीला कडू, म्हणून कुणी खात नाही. वेलावर पिकवायचे, मग महिनोन्‌महिने वाळवायचे. दांडी तुणीच्या लाकडाची. घोडीला पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग असायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू हाड, लाकूड, फायबर यांच्यावर भागवायला लागले. भोपळा कुठला निवडायचा, हे गाणाऱ्याच्या स्वरावरून ठरतं. म्हणजे तंबोऱ्याची मोजमापं शेतातल्या वेलापासून सुरू होतात, म्हणा ना.

(दृश्य: मोठाली खोकी, त्यांवर रंगाने लिहिलेले पत्ते.)

आता एक गंमत. 'दुकान चांगलं, पार्सल वाईट' असं म्हणत मी मिरजेला गेलो, आणि गल्लीत पाहतो तर जिकडेतिकडे पार्सलं. मिरज रेल्वेचं जंक्शन. इथली वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या पार्सलानेच गेली आहेत. आज ती न्यू जर्सीला जातात, लंडनला जातात. जिथे शंभर मैलांत एक वाद्याचं दुकान नाही, तिथल्या मराठी घरात तंबोरा जाणार तरी कसा? मी एका कारखान्यात बसलो असताना तिथल्या कारागीर चाचांचा फोन वाजला. पलीकडे परदेशातली एक मुलगी, मांडीवर तंबोरा. चाचा व्हिडिओत बघून सांगत होते, "दोरा आणखी मागे घे बेटा. नाही, नाही, दुसऱ्या तारेचा." तिनेही खोकाच मागवला होता. फरक इतकाच की तिला चाचांनी आधी स्वर विचारला होता.

आमच्या पेठेतल्या मालकांचा हिशेब मात्र याहून वेगळा. जवारीचे त्यांनी माझ्याकडून ५०० रुपये घेतले. पाऊण तास, दोन पिढ्यांची कला, ५०० रुपये. महिन्याला अशी कामं किती येणार? दुकानाचं भाडं निघतं ते नव्या मालावर : गिटार, कीबोर्ड, पेटी, स्टँड. नेमका तोच माल लोक इथे हाताळून बघतात, काचेसमोर उभं राहून फोनवर दर तपासतात आणि घरी जाऊन मागवतात. मग तो बिघडला की परत इथेच. त्यांना विचारलं, राग येत नाही? म्हणाले, "राग कशाचा? पण पोरगं दुकानात बसायला तयार नाही बघा." आणि पुढच्या तबल्याची वादी ओढायला घेतली.

तसा मालकांचाही सगळा कारभार सरळ नाही. 'परवा या' म्हटलं की तो परवा आठ दिवसांनी उगवतो. पावती मागितली की पेन सापडत नाही. पुतणीच्या पेटीचा भाता त्यांनी महिनाभर अडकवून ठेवला होता, त्यावरून घरात मलाच बोलणी बसली.

(दृश्य: गवसणीतून निघणारा नवा, उंच तंबोरा.)

पहिला तंबोरा आता त्याच पुतणीकडे आहे. ती पांढरी पाचला गाते. माझा दुसरा मालकांनी मिरजेत सांगून करून घेतला. सहा महिने लागले, पैसेही जास्त गेले. तो आला टेम्पोने, गोणपाटात गुंडाळून, तारा सैल करून. म्हणजे पार्सलच. मी घरी न्यायला हात घातला, तर मालक म्हणाले, "थांबा. वाटेत घोडी हललीय."

मांडी घातली, कानस घेतली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तासाभराने या."