उकळत्या पाण्यातली खडी

काचेच्या भांड्यात पाणी खळखळतंय. तळाशी आहे डांबर माखलेली खडी. दहा मिनिटांनी भांडं उतरवायचं आणि खडीच्या धारा निरखून बघायच्या.

ही ग्रॅनाइटची खडी. धारांवरचं डांबर मागे सरकलंय, आतला करडा दगड उघडा पडलाय. आणि ही पोलादाच्या भट्टीतून निघालेल्या मळीची, म्हणजे स्टील स्लॅगची. अजून काळीभोर.

कोरड्या दगडाला डांबर चिकटतंच. कस लागतो तो पाणी शिरल्यावर. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर, आणि सिलिकाला डांबरापेक्षा पाणी जवळचं. पाणी दोघांच्या मधे पसरतं, डांबर सुटतं. वरून चाकं फिरत असतातच. खडी निखळायला मग वेळ लागत नाही.

पोलाद करताना लोखंडातलं सिलिकॉन, फॉस्फरस ओढून घ्यायला भट्टीत चुना टाकतात. सोळाशे अंशांच्या आसपासच्या त्या रसातून चुना मळीत उतरतो. म्हणून स्लॅग अल्कधर्मी. डांबरात थोडी सेंद्रिय आम्लं असतात. ती स्लॅगवरच्या कॅल्शियमला धरतात आणि पाण्याने सहजासहजी न सुटणारा बंध तयार होतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

आता भिंगातून बघू. सगळीकडे बारीक छिद्रं. मळी निवताना अडकलेल्या वायूच्या या खुणा. गरम, पातळ डांबर त्यांत उतरतं आणि गार झालं की रुतून बसतं. अर्थात छिद्रं डांबर पितातही, त्यामुळे ते जास्त लागतं. इथे हात आखडला तर खडीवरचा थर पातळ राहतो आणि टिकत नाही.

पण चुन्याचा एक धोका आहे. थोडा चुना मोकळाच राहतो. पाणी लागलं की तो फुगून जवळजवळ दुप्पट होतो, खडी आतून तडकते आणि वरचा डांबराचा थर फाटतो. ताजी मळी रस्त्यात घालूच नये. ढीग उघड्यावर ठेवून, पाणी मारून, कित्येक महिने मुरवावा लागतो, मग फुगण्याची चाचणी.

मुरताना खडीवर पांढरी भुकटी धरते. ती तशीच राहिली तर डांबर भुकटीला चिकटतं, दगडाला नाही. म्हणून खडी धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच डांबरात घालायची.

ढिगातली ही एक मूठ. चोळल्यावर तळहात पांढरा झाला. ही खडी अजून धुवायची आहे.