बहात्तर तास आणि तीन महिने

नमस्कार श्रोतेहो.

एचआयव्हीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो तो ‘कशानं होतो?’ हा. त्याचं उत्तर आज मी देणार आहेच, पण मला जास्त बोलायचंय ते वेळेबद्दल. चाचणी कधी करायची, गोळी कधी सुरू करायची, हे ठाऊक नसल्यामुळे टाळता येण्यासारखा संसर्गही पदरी पडतो.

एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्यानं आणलेली अवस्था. आपल्या रक्तात सीडी-फोर नावाच्या पेशी असतात, शरीराच्या संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो आणि त्यांच्याकडूनच आपल्या नकला काढून घेतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा काही ठरावीक गंभीर आजारांनी गाठलं, की त्याला एड्स म्हणतात. उपचार घेतले नाहीत तर इथवर यायला बहुधा आठ-दहा वर्षं जातात आणि त्यातली बरीचशी वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. चेहऱ्यावरून अंदाज बांधणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

विषाणू पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला आणि गुदाशयातला स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू यांतून नाही. एका ताटात जेवून नाही, मिठी मारून नाही. डासाचं म्हणाल, तर त्याच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, तिथं तो नष्ट होतो. शिवाय डास चावताना आधी प्यायलेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही.

आता कंडोमबद्दल थोडं सविस्तर, कारण तो वापरूनही फसतो तेव्हा चूक बहुतेक वेळा हाताळण्यात असते. आधी मुदतीची तारीख पाहा. मग पाकीट बोटांनी दाबा. आत हवेची उशी जाणवली पाहिजे. नसेल तर पाकीट कुठंतरी फुटलंय. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला कंडोम उष्णतेनं आणि घासल्यानं कमकुवत होतो. दातांनी किंवा कात्रीनं फाडू नका. चढवताना टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढा, कारण अडकलेल्या हवेनं तो फाटू शकतो. उलटा लागला तर सुलटा करून तोच वापरू नका, नवा घ्या. पहिल्याला स्राव लागलेला असू शकतो. तेल, व्हॅसलीन, क्रीम यांनी लॅटेक्स काही मिनिटांत कच्चं होतं, म्हणून पाण्यावर आधारित वंगणच वापरा. एकावर एक दोन कंडोम घालणं तर नकोच, ते एकमेकांवर घासतात. संबंधानंतर लगेच, ताठरता असतानाच, मुळाशी धरून बाहेर काढा.

चाचणीकडे वळू. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर होणारी झटपट चाचणी विषाणूला शोधत नाही. ती शोधते शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. ती चाचणीत दिसण्याइतकी तयार व्हायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी, प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी चाचणी थोडी आधी, १८ ते ४५ दिवसांत, सांगते. मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तो फसवा असतो: रक्तात विषाणू भरमसाट आणि अहवाल मात्र ‘निगेटिव्ह’. संबंधानंतर चौथ्या दिवशी चाचणी करून निर्धास्त झालेला माणूस म्हणूनच स्वतःलाही फसवतो आणि जोडीदारालाही. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करा, तोवर कंडोम सोडू नका. आणि एकाच चाचणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून निदान पक्कं होत नाही. ते वेगळ्या चाचण्यांनी पडताळून घेतात.

निदान पक्कं झालं तर एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या लवकरात लवकर सुरू करायच्या, पेशी घटण्याची वाट पाहायची नाही. रोज, न चुकता घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे आता पक्कं सिद्ध झालेलं आहे आणि ते घराघरांत पोचावं असं मला मनापासून वाटतं. पण बरं वाटतंय म्हणून गोळ्या थांबवू नका. काही पेशींमध्ये विषाणू झोपून राहिलेला असतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत तो परत उठतो. आज घेतली, उद्या विसरली असं चाललं तर तो औषधालाच दाद देईनासा होतो.

गरोदर बाईची चाचणी पहिल्याच तपासणीत व्हावी. उपचार नसतील तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं; आईला आणि बाळाला वेळेवर औषधं मिळाली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं.

आणि अचानक काही घडलं तर? कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, वापरलेली सुई टोचली. सुईची जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा. ती पिळू नका, तिच्यावर ब्लीचसारखं काही ओतू नका. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्यानं धूत राहा. मग थेट डॉक्टरांकडे जा आणि ‘पेप’ हा शब्द उच्चारा. पेप म्हणजे अशा प्रसंगानंतर संसर्ग टाळण्यासाठी घ्यायच्या गोळ्या. त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, खरं तर पहिल्या काही तासांतच, आणि पूर्ण २८ दिवस घ्याव्या लागतात. शुक्रवारी रात्री घडलं तर सोमवारी दवाखाना उघडायची वाट पाहू नका. ज्या रुग्णालयात तातडीचा विभाग रात्री चालू असेल, तिथं त्याच रात्री जा.