दाराआड राहिलेली नळी

(दृश्य: रात्रीची खोली. दिवाणावर सतरंजी, सतरंजीवर रिमोटने उडवायचं मॉडेल विमान.)

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. इंदूर, रामबाग.

पुढच्या खोलीतला दिवाण आज रिकामा केला आहे. उशा खाली फरशीवर आल्या आहेत. विमानाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटर अंतर आहे. एक टोक टीव्हीच्या स्टुलाला टेकलंय, दुसरं खिडकीच्या गजांना. बाबांनी पंख बसवलेत, शेपटी बसवली, तारा जोडल्या, बॅटरी तिच्या जागी सरकवली. आता ते पंखांखाली दोन्ही हातांचं एकेक बोट धरून विमान उचलतात. पंखाच्या खाली दोन काळे ठिपके आहेत, बोटं बरोबर त्यांवर. विमान तोललं जातं, नाक अगदी किंचित खाली.

हा गुरुत्वमध्य. पंखाची रुंदी पुढच्या कडेपासून मोजली तर पाव ते एक तृतीयांश भागाच्या आसपास तो यायला हवा. बॅटरी दोन सेंटिमीटर मागे सरकली तरी तो हलतो आणि विमान शेपटीकडे जड झालं की हवेत आवरत नाही. म्हणून बॅटरीच्या कप्प्यातही पेनाने रेघ मारून ठेवली आहे.

तोल बघून झाला. आता बाबा हेच विमान पुन्हा सुटं करायला घेतील.

मग जोडलं कशाला? सांगतो.

(दृश्य: सकाळचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळी शेतं.)

विमानतळ इंदूरच्या पश्चिमेला आहे, म्हणून आम्ही उलट्या दिशेला जातो, नेमावर रोडने कंपेलच्या बाजूला. २०२१ च्या ड्रोन नियमांत आमच्यासारख्यांची विमानं ‘मॉडेल’ या वर्गात बसतात: वजन २५ किलोच्या आत, उपयोग शिक्षण, संशोधन किंवा हौस इतकाच, आणि उडवायचं ते नजरेच्या टप्प्यात. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात, ४०० फुटांपर्यंत जाता येतं. निघण्याआधी आम्ही तो नकाशा उघडून बघतोच.

शेत ओळखीच्या शेतकऱ्याचं. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की गव्हाची पेरणी होईपर्यंत थोडे आठवडे जमीन मोकळी असते. त्यानंतर थेट गहू-हरभरा निघाल्यावर. आदल्या दिवशी त्यांना फोन केल्याशिवाय आम्ही जात नाही. त्यांनी पाणी सोडलं असेल तर माळव्याची ही काळी माती चाकांना अशी चिकटते, की विमान काय, माणूसही जागचा हलत नाही.

जवळपास दुकान नाही. शहरात दहा रुपयांना मिळणारा स्क्रू घरी राहिला तर सबंध रविवार गेला. गेला म्हणजे गेलाच, कारण वारा आपल्यासाठी थांबत नाही. सकाळी दहापर्यंत तो शांत असतो. मग जमीन तापते, हवेचे लोट वर उठायला लागतात आणि हलकं विमान कागदासारखं उडतं. म्हणून पहाटे निघायचं. आणि पहाटे निघायचं तर बांधाबांध रात्रीच.

(दृश्य: दाराचा कोपरा. तिथे काहीच नाही.)

सात वर्षांपूर्वी या दाराआड एक नळी उभी होती. काळी, कार्बनची, बोटाएवढी जाड, दोन फूट लांब. दोन्ही पंख याच नळीवर चढतात, ती विमानाच्या पोटातून आरपार जाते. पंखांचा सगळा भार तिच्यावर.

त्या रात्री मी सगळं भरलं होतं. स्क्रू, वॉशर, रबरबँड, अगदी जादा खिळेसुद्धा. पण नळी पेटीत मावेना. ‘सकाळी हातात घेऊ,’ म्हणून मी ती दाराआड उभी केली. सकाळी अंधारात दार उघडलं, आणि उघडलेल्या दारामागे नळी झाकली गेली.

शेतात पोचल्यावर मी बाबांना म्हटलं, बांबू तासून घालूया, एकदाच उडवू. बाबांनी एवढंच विचारलं, ‘वळताना साठ अंश कललं तर पंखावर भार किती येतो?’ दुप्पट येतो. उंची न सोडता वळायचं तर पंखाला विमानाच्या वजनाच्या दुप्पट उचलावं लागतं, आणि तो सगळा ताण मधोमध, नळीवर. बांबू तासला नाही. आम्ही दोघं बांधावर बसलो, डब्यातले पोहे खाल्ले आणि परत आलो. बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

मी घरी येऊन एक मोठी यादी केली होती. बाबांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं असं, की यादीत आपण तेच लिहितो जे आपल्याला आठवतं. विमान मात्र काही विसरत नाही. ते घरात पूर्ण जोडा, चालवून बघा आणि मग त्याच्या अंगावरून जे जे निघेल ते थेट पेटीत किंवा पिशवीत टाका. खाली काही ठेवायचं नाही, ‘सकाळी घेऊ’ म्हणायचं नाही. जे जोडताना लागलं ते सोडवताना हातात येतंच.

तेव्हापासून दर शनिवारी हा दिवाण असा रिकामा होतो. नळीला आता स्वतःची पिशवी आहे. पंखांच्या पिशव्या आईने जुन्या दुलईच्या शिवल्या, आतून मऊ, बाहेरून मेणकापड. त्यांतल्या डाव्या पंखाच्या पिशवीला बाहेरून एक लांब खिसा आहे. नळी त्यात. नळीशिवाय पंख उचललाच जात नाही.

(दृश्य: पेटी. झाकण उघडतं.)

ही पेटी. सहा मिलिमीटरच्या प्लायची, सुताराकडून करून घेतलेली. वरच्या दोन खाचांना फोम लावलाय, शेतात विमान त्यावर पाळण्यासारखं ठेवता येतं. अवजारं सियागंजातली, कनेक्टर आणि सोल्डरची तार जेल रोडवरची. खालच्या खणात जाड फोमची लादी आहे आणि प्रत्येक अवजाराच्या आकाराचा खळगा त्यात कापलेला. पक्कड, दोन पेचकस, प्रॉपच्या, म्हणजे नाकावर फिरणाऱ्या पात्याच्या, नटाचा पाना, चार एलन की, म्हणजे षटकोनी चाव्या. परत येताना एखादा खळगा रिकामा दिसला की गाडी सुरू करायची नाही.

प्रॉप तीन न्यायचे. एक लावलेला, दोन जादा. बाबा प्रत्येकाच्या कडेवरून अंगठा फिरवतात, डोळे मिटून. नजरेला न दिसणारी चीर अंगठ्याला लागते. ती लागली की तो प्रॉप तिथेच मोडून टाकतात, म्हणजे चुकूनही कुणी परत लावणार नाही. मिनिटाला दहा हजार फेरे घेणारं पातं चिरलेलं असेल तर तुकडा कुठे जाईल, सांगता येत नाही.

(दृश्य: अंगण. कोटा फरशीवर मातीची कुंडी, कुंडीत बॅटरी.)

बॅटऱ्या चार्ज करायची जागा घरात नाही, अंगणात. लिथियम पॉलिमरची बॅटरी हलकी आणि दमदार, पण तिच्याशी वागण्याची एक रीत आहे. एका सेलचा भरलेला व्होल्टेज ४.२. तीन सेलची बॅटरी भरली की १२.६. पण अशी भरलेली ती आठवडाभर ठेवली तर आतून खराब होते, फुगते. म्हणून सोमवार ते शनिवार ती सेलमागे ३.८ व्होल्टवर झोपलेली असते, आणि चार्जरला लागते ती शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर. २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी २.२ अँपिअरवर, म्हणजे तासाभराचं काम. पांढरा छोटा कनेक्टर लावायचाच, त्यानेच तीनही सेल सारखे भरतात. आणि तो तासभर कुणीतरी तिथे बसायचं. आमच्याकडे बसते माझी लेक, बारा वर्षांची, गृहपाठाची वही घेऊन. माळव्याच्या रात्रीची ख्याती तिला ठाऊक नाही, पण ऑक्टोबरातला हा गार वारा अंगावर घेत ती दर दहा मिनिटांनी माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या आबांना, आकडे ओरडून सांगते.

‘आबा, बारा पॉइंट चार!’

‘हात लावून बघ बाळा, गरम आहे का?’

‘नाही आबा, कोमट पण नाही.’

गरम लागली किंवा पोट जरा जरी टम्म दिसलं, तर ती बॅटरी रविवारी येत नाही. शेतात बॅटऱ्या आग न धरणाऱ्या पिशवीत, पिशवी सावलीत. बंद गाडीत कधीच नाही. सोबत कोरड्या वाळूचा डबा. आजवर लागला नाही, तरी तो सगळ्यात आधी चढतो.

(दृश्य: लाल कॅन. बाबा झाकण उघडून वास घेतात.)

दुसरं विमान बाबांचं, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचं. त्याला बॅटरीची मोटर नाही, ‘चाळीस’चं इंजिन आहे. ०.४० घन इंच, म्हणजे साडेसहा सीसी. इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि तेल. बाबांच्या इंधनात तेल एरंडेलाचं. लहानपणी ज्या वासाने आम्ही पलंगाखाली दडायचो, त्याच वासावर बाबांचा चेहरा खुलतो. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत ते कंट्रोललाइनचं विमान उडवायचे. दोन तारा विमानाला, मूठ हातात, आणि विमानाबरोबर स्वतःभोवती गोल गोल फिरायचं. तेव्हाही हाच वास होता, असं ते सांगतात.

पण मिथेनॉल विष आहे आणि दिवसाउजेडी त्याची ज्वाळा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कॅन लाल, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव, आणि पाण्याच्या बाटलीत इंधन कधीच, थोडंसुद्धा, भरायचं नाही. या एका गोष्टीवर बाबा आवाज चढवतात. पिण्याचं पाणी पुढच्या सीटवर, इंधन डिकीत.

इंजिनाबरोबर बारीकसारीक बरंच येतं. इंजिन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला तापवणारी दीड व्होल्टची क्लिप, तीही चार्ज केलेली. जादा प्लग. इंधन भरायचा हातपंप. स्टार्टर, आणि त्याच्यासाठी यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्टची बॅटरी. स्टार्टर रुसला तर प्रॉपला झटका द्यायला लाकडी दांडा, त्यावर रबरी नळी चढवलेली. बोटाने प्रॉप फिरवायचा नाही. बाबांच्या उजव्या तर्जनीवर पांढरी रेघ आहे, ती याचीच. पेटीच्या वरच्या खणात, झाकण उघडताच हाताला लागेल असं, बँडेज आणि जखमेचं औषध.

(दृश्य: रेडिओ, त्याच्या काड्यांवर लाकडी चौकट.)

रेडिओ, म्हणजे विमान चालवायचा रिमोट, शेवटी. त्याच्या दोन्ही काड्यांवर आणि बटणावर ही चौकट बसते. पिशवीत दाबून बटण सुरू झालं, तर सकाळी रेडिओ मेलेला मिळतो. पूर्वी प्रत्येकाच्या रेडिओत चॅनेल ठरवणारा क्रिस्टल असायचा. दोघांचा चॅनेल एकच निघाला, तर एकाचं विमान पडायचं, म्हणून मैदानावर चॅनेलच्या चिमट्यांची फळी असे. चिमटा ज्याच्याकडे, त्यानेच रेडिओ सुरू करायचा. २.४ गिगाहर्ट्झचे नवे रेडिओ आल्यापासून ती फळी गेली.

एक धोका मात्र नवा आला. एकाच रेडिओत दोन्ही विमानांच्या वेगवेगळ्या सेटिंगच्या नोंदी असतात. एकदा मी चुकीची नोंद उघडी ठेवून विमान सोडलं. उजवीकडे दिलं, ते डावीकडे कललं. सावरायला मी आणखी उजवीकडे दिलं. पंख मातीत रुतला, तेव्हा विमान जेमतेम दोन माणसं उंच होतं. आता झाकणाच्या आतल्या बाजूला लेकीच्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘नोंद कुठली? उजवी दिली की उजवं एलेरॉन वर.’ एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी. तारांच्या टोकांना तिचंच नेलपॉलिश आहे. लाल पंखाची, निळी शेपटीची.

पाणी, टोप्या, मीठ-साखर, पोह्यांचा डबा आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची पुडी आई बघते.

(दृश्य: शेत, सकाळचे सात. गाडीची डिकी उघडते.)

सगळ्यात आधी उतरते ती सतरंजी. रात्री दिवाणावर होती तीच. काळ्या मातीत तीन मिलिमीटरचा नट पडला की तो शोधायला डोळे पुरत नाहीत, शिवाय माती इंजिनात गेली की ती इंजिन खाते. मग चार लाल झेंडे. दोन धावपट्टीच्या टोकांना, एक वाऱ्यासाठी, त्याला रेशमी फीत. चौथा जादा वाटतो, पण एप्रिलमध्ये तो लागतोच. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, ढेकळांच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावरून ओरडत फिरायला लागली की आम्ही शोधतो, तिच्या जागेपासून लांब चौथा झेंडा रोवतो आणि त्याच्या पलीकडे कुणी जात नाही. गेल्या एप्रिलमध्ये धावपट्टीच त्यापायी फिरवून घेतली, आडव्या वाऱ्यात उतरावं लागलं, चालतं.

आधी रेडिओ सुरू करायचा, मग विमान. बंद करताना उलट. रेडिओ रेंज तपासायच्या मोडवर टाकून, तो हातात घेऊन लेक तीस पावलं मोजत लांब जाते. मी विमान धरून उभा.

‘उजवी, आबा!’

उजवं एलेरॉन वर येतं.

(दृश्य: विमान सुटतं. काही वेळ फक्त इंजिनाचा आवाज. मग उतरणं, टाकी रिकामी करणं, एरंडेलाने माखलेले पंख पुसणं.)

साडेदहा. वारा उठला. सतरंजी चारी कोपऱ्यांनी उचलून मधोमध झटकली, तेव्हा तिच्यात एक वॉशर निघालं. पंख पिशवीत, नळी खिशात. बाबा पेटीवर वाकून खळगे मोजताहेत. अडीच मिलिमीटरच्या एलन कीची जागा रिकामी आहे.

गाडी सुरू होत नाही. आम्ही तिघं वाकून धावपट्टीभर फिरतो. शेतकरीदादा ट्रॅक्टर थांबवून विचारतात, काय हरवलं? सांगितल्यावर तेही खाली उतरतात. शेवटी लेक थबकते, आपल्या जॅकेटच्या आतल्या खिशात हात घालते आणि आबांकडे बघते.

बाबा हात पुढे करतात. चावी खळग्यात बसते. झाकण लागतं.