२३५२ की २३५३?

[पडद्यावर दोन शब्द : दर्या, दऱ्या]

एक कोळ्यांचा, एक सह्याद्रीचा. मराठी माणूस वाचताना इथे गोंधळत नाही. संगणकाला मात्र यातलं एकही अक्षर दिसत नाही. त्याच्याकडे असतात ते फक्त आकडे.

[आकडे एकेक करून उमटतात]

दर्या म्हणजे २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६. द, र, हलन्त, य आणि काना. आता दऱ्या : २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६. चार आकडे जसेच्या तसे. बदलला तो फक्त दुसरा, आणि तोही एकानेच. ‘आचार्यांना जेवण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ यांच्यातही एवढंच अंतर. लग्नघरात ते बरंच मोठं ठरू शकतं.

हे क्रमांक युनिकोडचे, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या मानकाचे. त्याआधीची सोय अगदीच कामचलाऊ होती. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की तक्त्यात जागा १२८, त्याही इंग्रजीपुरत्या. मग आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. कागदावर छान मराठी छापून यायची. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की उरायचा इंग्रजी अक्षरांचा कचरा.

[तक्ता. स्तंभ शेजारी-शेजारी]

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा तक्ता भारतातच तयार झालेल्या इस्की या मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेला. इस्कीमागची कल्पना मोठी हुशारीची होती : ब्राह्मीच्या सगळ्या लेकींना तक्ता एकच. म्हणून आजही देवनागरी क २३२५ वर, बंगाली क त्याच्या बरोब्बर १२८ पुढे, पंजाबीचा गुरुमुखी क आणखी १२८ पुढे.

पण एकच तक्ता म्हटला की त्यात सगळ्यांची सोय बघावी लागते. तमिळला आणि मल्याळमला एक वेगळा र लागतो. त्यासाठी ठेवलेली जागा देवनागरीच्या स्तंभातही आली, खाली नुक्ता दिलेला ऱ : क्रमांक २३५३. द्राविडी उच्चार देवनागरीत लिहिता यावेत, हा तिचा उद्देश. मराठीत य आणि ह यांना डावीकडून चिकटणारी जी छोटी वळणदार रेघ असते, तिला स्वतंत्र क्रमांक नाही. म्हणून नियम असा, की ऱ ला हलन्त जोडला की ती रेघ काढायची. साध्या र ला जोडला, तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार. तमिळचा तो र २९९३ वर आहे, आपल्या ऱ पासून नेमक्या ६४० जागा पुढे. सह्याद्रीच्या दऱ्या त्याच्याच रांगेत बसल्या आहेत. गैरसोयीचं नाही, पण गमतीचं नक्कीच.

[पडद्यावर दऱ्या हा शब्द दोनदा, हुबेहूब सारखा]

गैरसोय आहे ती वेगळीच. हीच रेघ काढायची आणखी एक जुनी पद्धत युनिकोडने चालू ठेवली आहे : साधा र, हलन्त, आणि त्यापुढे ८२०५. हे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. पडद्यावर त्याचा ठिपकाही दिसत नाही. म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द आत दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एका पद्धतीने टाइप करून शोधलं, तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला मजकूर सापडेलच असं नाही. त्यातून एखाद्या सॉफ्टवेअरने अदृश्य चिन्हं निरुपयोगी समजून काढून टाकली, की ८२०५ जातो, मागे साधा र आणि हलन्त उरतो, य वर रफार चढतो आणि दऱ्यांचा दर्या होतो.

भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली, की थेट २३५३ उमटतो.