कार्ड एका कंपनीचं, ॲक्सेस पॉइंट दुसरीचा

मित्रहो, मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, की संगणकातलं वायरलेस कार्ड एका कंपनीचं आणि ॲक्सेस पॉइंट, म्हणजे बिनतारी नेटवर्क पुरवणारा डबा, दुसरीचा असला तर चालेल का? चालेल. मात्र खोक्यावर छापलेलं सगळं पदरात पडेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

१९९७ साली बिनतारी नेटवर्कसाठी ८०२.११ हे मानक आलं तेव्हा त्यातच रेडिओच्या दोन पद्धती होत्या आणि इन्फ्रारेडची तिसरी. तिन्ही अधिकृत, पण एकीची भाषा दुसरीला कळत नसे. म्हणजे दोन्ही उपकरणं नियमानुसार बनलेली आणि तरी एकमेकांना अनोळखी! १९९९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती ८०२.११बी आली. त्याच वर्षी कंपन्यांनी एक संघटना काढली, तीच आजची वायफाय अलायन्स. वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणं समोरासमोर बसवून तपासायची, हे तिचं काम. ‘वायफाय’ हे चिन्ह त्या परीक्षेचं असतं.

परीक्षा पास होऊनही भांडण व्हायचंच, आणि तेही बहुतेकदा किल्लीवरून, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त आकड्यावरून. वेप ही जुनी सुरक्षापद्धत आठवते? तिची किल्ली ४० बिटांची. त्यात माहितीच्या दर पाकिटाबरोबर बदलणारे २४ बिट मिळवले की ६४. मग एक कंपनी खोक्यावर ४० छापायची, दुसरी ६४. वस्तू एकच, गिऱ्हाईक गोंधळात. खरी गंमत पुढे आहे. लक्षात राहील असा शब्द टाइप केला की त्यातून किल्ली बनवून देण्याची सोय होती, पण ती कशी बनवायची हे मानकात कुठेच नव्हतं. ज्याची त्याची पाककृती! दोन्हीकडे तोच शब्द, किल्ल्या मात्र निराळ्या. शिवाय किल्ल्यांचे चार कप्पे कोणी १ ते ४ मोजायचं, कोणी ० ते ३.

मी स्वतः यात एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे. पडद्यावर ‘जोडले’ असं दिसत होतं, सिग्नल भरपूर, आणि नेटवर्कवरचा पत्ता होता १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे कुणी पत्ता दिला नाही म्हणून संगणकाने स्वतःच घेतलेला. वेपच्या खुल्या पद्धतीत किल्ली चुकली तरी जोडणी होते, माहिती तेवढी पुढे सरकत नाही. आणि मी बसलो होतो अँटेना फिरवत! शेवटी किल्लीचे हेक्समधले (० ते ९ आणि A ते F) दहा अंक दोन्हीकडे हाताने भरले आणि सुरू झालं. २००३ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए या नव्या सुरक्षापद्धतीत हा घोळ मिटला. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव यांच्यापासून किल्ली कशी काढायची, तेही तिथे ठरवून दिलेलं आहे.

वेगाचं थोडक्यात सांगतो. ८०२.११जी या नंतरच्या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला ५४ मेगाबिट, पण खोक्यांवर १०८ झळकायचे. तो चिप बनवणाऱ्याचा खास जुगाड. जोडीदार वेगळ्या चिपचा असला की गाडी ५४ वर. म्हणून मी ब्रँडपेक्षा चिप बघतो. एकाच नावाच्या, एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांतही चिप बदललेली असते.

कधी कार्डाला नेटवर्क दिसतच नाही. ॲक्सेस पॉइंटने आपणहून चॅनेल (रेडिओलहरींचा ठरावीक पट्टा) १३ निवडलेला असतो आणि कार्ड अमेरिकेसाठी बनलेलं, ११ पर्यंतच ऐकणारं. हल्लीचे प्रकारही आहेत. फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवलेल्या ॲक्सेस पॉइंटला जुनं कार्ड जोडलं जात नाही. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारी मिश्र पद्धत निवडावी. काही जुन्या ड्रायव्हरांना (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरना) तर वायफाय ६ ही नवी पिढी सुरू असलेलं नेटवर्क यादीतही दिसत नाही. मानक मागच्या पिढ्यांना सांभाळून घेतं, ड्रायव्हर मात्र अडखळतो.

कार्ड परत करायला निघण्याआधी एवढं करा. ड्रायव्हर नवा घाला, चॅनेल १, ६ किंवा ११ वर ठेवा, खास वेगाच्या सोयी बंद करा आणि दोन मिनिटांपुरती सुरक्षा काढून जोडून बघा. तसं जोडलं गेलं आणि माहितीही पुढे सरकली, तर रेडिओ ठीक आहे. सुरक्षा लगेच परत लावा आणि घोळ किल्लीत शोधा.